माणसे जोडणारा राजा



मार्च महिना आला की आपल्या शाळेत दोन गोष्टींची चाहूल लागते. एक परीक्षांची आणि दुसरी निरोप समारंभांची. दहावी-बारावीची मुले-मुली आता पुढे काय, या विचारात असतात. पालक भेटायला येतात. बोलता बोलता त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते की हल्ली नुसत्या मार्कांनी काही होत नाही, ओळख लागते. आम्ही ते ऐकून घेतो. पण मनाशी म्हणतो, ओळख लागते हे खरे. मात्र कोणती ओळख?

याच मार्च महिन्यात, ११ तारखेला, श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांची जयंती येते. महाराजांनी काय काय बांधले याची यादी बडोद्यातल्या लहान मुलालाही सांगता येईल. कॉलेज, कलाभवन, ग्रंथालय, आजव्याचे धरण, बँक, बाग, म्युझियम! ती यादी पुन्हा देण्याचा आमचा हेतू नाही. यंदा त्यांचे चरित्र आपण एका वेगळ्या बाजूने पाहू या. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ज्याला अक्षरओळख नव्हती, त्या शेतकऱ्याच्या मुलाने हे सारे कसे उभे केले? खरे उत्तर असे, की एकट्याने त्यांनी काहीच उभे केले नाही. त्यांनी माणसे उभी केली. गुणी माणसे शोधली, त्यांना काम दिले, विश्वास दिला. कुठे ते साधले, कुठे फसलेही. दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

कवळाण्याहून बडोद्याला

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे हे गाव आहे. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेती करून राहत होती. काशीराव आणि उमाबाई यांच्या पोटी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. गुरे, शेत, पाऊसपाणी यांतच त्याचे बालपण गेले.

तिकडे बडोद्यात १८७५ साली मोठी उलथापालथ झाली. इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. निवडीसाठी गायकवाड कुळातील काही मुले बडोद्यात आणण्यात आली, त्यांत गोपाळही होता. कशासाठी आलास, असे विचारल्यावर राज्य करायला आलो आहे, असे त्याने बेधडक सांगितले, ही गोष्ट आपण सर्वांनी आजी-आजोबांकडून ऐकली आहेच. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

आता क्षणभर त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. नवे घर, नवी आई, नवे नाव. आजूबाजूला दरबारी, सरदार, इंग्रज रेसिडेंट, हुजरे. प्रत्येकाला त्याच्याकडून काही ना काही हवे आहे. भाषा वेगळी, रीत वेगळी. कोणावर विश्वास ठेवायचा? पुढे आयुष्यभर त्यांना जी विद्या उपयोगी पडली, ती माणूस ओळखण्याची विद्या, तिचा पहिला धडा त्यांनी याच दिवसांत गिरवला असला पाहिजे.

गुरू आणि दिवाण

महाराजांच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा हा मुलगा अगदी मुळाक्षरांपासून शिकू लागला. त्याच्या वयाची इतर मुले कितीतरी पुढे गेलेली होती. उशिरा सुरुवात झाल्याची लाज त्यांनी बाळगली नाही. मन लावून बसणे आणि न समजलेले पुन्हा विचारणे, एवढेच त्यांच्या हाती होते आणि तेच त्यांनी केले.

विशेष हे, की इलियटसाहेबांचा आणि त्यांचा संबंध शिकवणी संपल्यावर संपला नाही. पुढे राज्यकारभार हाती आल्यावर महाराजांनी जमीनमोजणी व सारा आकारणीचे, म्हणजे सर्व्हे सेटलमेंटचे, मोठे काम इलियटांकडेच सोपवले. संस्थानातील प्रत्येक शेतकऱ्याच्या पोटाशी निगडित असलेले हे काम. कालचा गुरू आज हाताखालचा अधिकारी झाला, पण गुरूचा मान तसाच राहिला. आपल्यापैकी किती जण दहावी झाल्यावर आपल्या बाईंना, सरांना भेटायला येतात? जे येतात ते काही मागायला येत नाहीत आणि म्हणूनच ते आमच्या लक्षात राहतात.

दुसरी व्यक्ती म्हणजे दिवाण सर टी. माधवराव. हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहूनही या घराण्यांनी मराठी टिकवली होती. बडोद्यात राहून मराठी जपणाऱ्या आपल्याला तर त्यांच्याविषयी आपुलकी वाटायलाच हवी. त्रावणकोर आणि इंदूर या संस्थानांची दिवाणगिरी करून ते १८७५ मध्ये बडोद्याला आले. तेव्हा खजिन्याची घडी विसकटली होती. ती त्यांनी बसवली. शिवाय तरुण महाराजांपुढे त्यांनी राज्यकारभारावर व्याख्यानांची एक मालाच गुंफली. राजाने कसे वागावे, कोणाचे ऐकावे, खुशमस्कऱ्यांपासून कसे जपावे, हे सारे त्यात होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. वय अवघे अठरा. त्यानंतर वर्षाच्या आत, १८८२ मध्ये, माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. अनुभवी दिवाण आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहू इच्छिणारा तरुण राजा यांचे फार काळ एकत्र चालणे कठीणच होते. पण शिकवणे आणि शिकणे झालेले होते. माधवराव गेले तरी त्यांनी घालून दिलेली शिस्त बडोद्यात राहिली. मोठ्यांच्या हाताखाली शिकावे, त्यांचे ऋण मानावे आणि वेळ आली की स्वतःच्या पायावर उभे राहावे. यात कृतघ्नपणा नाही.

माधवरावांच्या ओळखीचा आणखी एक लाभ बडोद्याला झाला. त्रावणकोरचे चित्रकार राजा रविवर्मा बडोद्याशी जोडले गेले. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी महाराजांनी त्यांच्याकडून पुराणप्रसंगांवरील चौदा चित्रे करवून घेतली. एका माणसामुळे दुसरा माणूस येतो, दुसऱ्यामुळे तिसरा. पण पहिल्याशी आपण नीट वागलो असू तरच!

आधी रयत, मग कागद

अधिकार हाती येताच महाराजांनी एक गोष्ट केली. ते संस्थानभर हिंडले. बडोदे संस्थान सलग नव्हते, हे आज नकाशा पाहताना लक्षात येत नाही. बडोदे, नवसारी, कडी आणि काठेवाडातील अमरेली असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. या प्रांतांतून फिरून त्यांनी रयतेची गाऱ्हाणी ऐकली, कचेऱ्या पाहिल्या, दप्तरे तपासली. कोणता अधिकारी काम करतो आणि कोण नुसता मुजरा करतो, हे त्यांना कोणाच्या अहवालावाचून कळू लागले.

सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये सुरू केला तो राजधानीत नव्हे, तर अमरेलीच्या भागातील मोजक्या गावांत. तेथे काय अडते ते पाहिले आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केला. तेरा वर्षे थांबण्याची तयारी होती. माणसे जोडण्याच्या कामातही त्यांचा हाच स्वभाव दिसतो. आधी लहान काम, मग पारख, मग मोठी जबाबदारी.

गुणी माणसांचा शोध

महाराजांनी आपल्या भोवती जमवलेल्या माणसांची नावे नुसती वाचली तरी थक्क व्हायला होते. दिवाणपदाचेच पाहा. माधवरावांनंतर काझी शहाबुद्दीन आले. पुढे बंगालचे रमेशचंद्र दत्त, गुजराती मनुभाई मेहता आणि अखेरीस मद्रासकडचे व्ही. टी. कृष्णमाचारी. जात, प्रांत, धर्म यांपेक्षा कामाची योग्यता त्यांनी वरची मानली.

रमेशचंद्र दत्तांची निवड तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ते निवृत्त आय. सी. एस. अधिकारी, १८९९ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आणि इंग्रजांच्या सारापद्धतीवर सडेतोड टीका करणारे अभ्यासक. सारावसुलीवर टीका करणाऱ्या माणसाला महाराजांनी १९०४ मध्ये बोलावले आणि महसूल खातेच त्यांच्या हाती दिले! टीकाकाराला दूर ठेवणे सोपे असते. त्याला काम देणे आणि त्याचे ऐकणे, याला मन मोठे लागते. १९०९ मध्ये दत्त दिवाण झाले. पण त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच त्यांचे निधन झाले.

दुसरे उदाहरण अरविंद घोषांचे. १८९२ च्या अखेरीस लंडनमध्ये महाराजांची त्यांच्याशी भेट झाली. आय. सी. एस. ची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेला, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला न गेल्याने नोकरी हुकलेला हा तरुण महाराजांनी तेथल्या तेथे हेरला. दरमहा २०० रुपयांवर १८९३ मध्ये अरविंदबाबू बडोद्याला रुजू झाले. सर्व्हे सेटलमेंट, महसूल, सचिवालय असे करत ते बडोदे कॉलेजात आले आणि तेथे त्यांचे मन रमले. १९०३ च्या काश्मीर दौऱ्यात महाराजांनी त्यांना सचिव म्हणून नेले होते, पण त्या कामात दोघांचे सूर फारसे जुळले नाहीत आणि तो प्रयोग पुन्हा झाला नाही. म्हणून काही त्यांना नोकरीतून काढले नाही. जेथे ते उत्तम काम करत होते तेथे त्यांना ठेवले. १९०६ मध्ये देशकार्यासाठी ते बंगालला गेले. तेरा वर्षे त्यांच्या ज्ञानाचा लाभ बडोद्याला मिळाला. मित्रहो, ज्याच्याबरोबर काम करायचे तो आपला जिवलग असलाच पाहिजे असे नाही. एकमेकांच्या गुणांचा आदर असला तरी पुष्कळ काम होते.

संगीतात मौलाबक्ष होते. त्यांच्याकडे १८८६ मध्ये गायनशाळा सोपवली आणि राजवाड्यातले गाणे सामान्य मुलांपर्यंत आले. उद्योगशिक्षणात प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर होते. त्यांच्या कल्पनेतून १८९० मध्ये कलाभवन निघाले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून गाजलेले दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले. गज्जर कालांतराने मुंबईला गेले, पण बडोद्याचा धागा तुटला नाही. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अलेंबिक हा कारखाना उभा राहिला. एक गुजराती गुरू, एक मराठी आणि एक गुजराती शिष्य! बडोद्याची ही खरी ओळख आहे, असे आम्हाला वाटते.

वाचून दाखवणारा इतिहासकार

आता एका मराठी माणसाची गोष्ट. गोविंद सखाराम सरदेसाई हे रत्नागिरी जिल्ह्यातील गोवील गावचे. १८८९ मध्ये ते महाराजांचे वाचक म्हणून नोकरीला लागले. काम काय, तर महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. वरवर पाहता हे साधे काम. पण महाराज नुसते ऐकून घेणारे नव्हते. ते प्रश्न विचारत, टिपणे काढायला लावत, इंग्रजी ग्रंथांची मराठी भाषांतरे करायला सांगत. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा तर धड मराठी पुस्तक नाही, ही अडचण सरदेसायांना रोज जाणवू लागली. त्या टिपणांतूनच १८९८ मध्ये मुसलमानी रियासत आणि १९०२ पासून मराठी रियासत बाहेर पडू लागली. बडोद्याचा एक नोकर महाराष्ट्राचा रियासतकार झाला!

सरदेसायांनीही माणसे जोडली. बंगालचे थोर इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुळला, तो जवळजवळ अर्धशतक टिकला. एक मराठ्यांचा अभ्यासक, दुसरा मोगलांचा. मते नेहमी जुळत असत असे नाही. पण कागद सापडला की तो एकमेकांना कळवायचा, चूक दिसली की स्पष्ट सांगायची, असा त्यांचा परिपाठ. १९२५ मध्ये निवृत्त होऊन सरदेसाई कामशेतला राहायला गेले आणि त्यानंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. वयाची साठी उलटल्यावरचे हे काम आहे. ते त्यांच्यावर सोपवले गेले, कारण त्यांच्या कामाची खात्री देणारी माणसे त्यांनी आधीच्या तीस-पस्तीस वर्षांत जोडली होती. पालकहो, ज्याला आपण ओळख म्हणतो ती ही. वशिला चिठ्ठीने मिळतो, ही ओळख कामाने मिळते आणि तिला वेळ लागतो.

परदेशी तज्ज्ञ, गावचा मास्तर

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. मग १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात आणले. बोर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, पुस्तकांचे वर्गीकरण ठरवले, माणसे तयार केली. खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या निघाल्या. १९१३ मध्ये ते परत गेले.

परंतु एवढ्याने गावोगावी ग्रंथालये झाली नसती. त्यासाठी मोतीभाई अमीन यांच्यासारखा गुजराती शिक्षक लागला. त्यांनी आधीपासूनच मित्रमंडळाच्या नावाने गावांत वाचनालये सुरू केली होती. महाराजांनी या स्थानिक माणसाच्या कामाला बळ दिले. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची, असा नियम केला. म्हणजे ग्रंथालय सरकारचे नव्हे, गावाचे झाले. बाहेरून आणलेले ज्ञान आणि घरची तळमळ, दोन्ही एकत्र आल्याशिवाय संस्था रुजत नाही. विश्वस्त मंडळींनी हा धडा लक्षात ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

बँक ऑफ बडोदाही अशीच. २० जुलै १९०८ रोजी ती सुरू झाली, तेव्हा महाराजांचे बंधू संपतराव गायकवाड यांच्याबरोबर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास यांसारखी व्यापारातली जाणती माणसे तिच्या पाठीशी होती. पैसा राजाचा, पण व्यवहार जाणत्यांचा!

जेथे हात तोकडा पडला

येथवर वाचून कोणाला वाटेल, की महाराजांना सगळेच साधले. तसे नाही. आणि न साधलेली गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवू इच्छित नाही, कारण ती आपल्याच गावात घडली.

भीमराव आंबेडकर या बुद्धिमान तरुणाला मुंबईत कॉलेजात शिकत असताना महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. ओळख म्हणाल तर हीही ओळखच! पण ती एका गुरूने एका गुणी मुलासाठी निःस्वार्थपणे वापरली होती. १९१३ मध्ये महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी, असा करार झाला. या शिष्यवृत्तीचे मोल काय, ते पुढच्या इतिहासाने दाखवलेच आहे.

कराराप्रमाणे डॉ. आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आले. त्यांना उतरवून घ्यावे असे महाराजांनी सांगितले होते, पण स्टेशनावर कोणीही गेले नाही. अस्पृश्य म्हणून गावात कोणी जागा देईना. शेवटी पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. कचेरीत शिपाईसुद्धा कागद लांबूनच टाकत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक धर्मशाळेच्या दारात आले आणि त्यांनी त्यांना त्याच दिवशी जागा सोडायला लावली. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेल्या अर्जावर दिवाणांनी निर्णय लांबणीवर टाकला होता. ओळखीच्या दोघांनीही आपापल्या घरी ठेवून घेण्याची असमर्थता दाखवली. कमाटी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले आणि रात्री मुंबईची गाडी धरली. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आम्ही ही हकिकत पुन्हा पुन्हा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात येतो. राजाची इच्छा चांगली, त्याचा पैसा खर्च झाला, त्याचा हुकूमही होता. मग अडले कोठे? अडले ते मधल्या माणसांत. महाराजांनी आंबेडकरांशी नाते जोडले, पण कचेरीतल्या कारकुनाने, शिपायाने, गावातल्या घरमालकाने ते जोडले नव्हते. कागद हुकमाने हलतो, मन हुकमाने बदलत नाही. ज्या राजाने अंत्यज मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांच्यासाठी १९०८ मध्ये पंडित आत्मारामांना खास बोलावून घेतले, त्याच राजाच्या राजधानीत हे घडले. याचा दोष महाराजांच्या पदरात किती आणि गावाच्या पदरात किती, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. पण गाव आपले आहे, हे विसरून चालणार नाही.

प्रमुख चांगला असला म्हणजे संस्था चांगली, असे आपण सहज मानतो. शाळेत नवीन आलेल्या मुलाचे स्वागत मुख्याध्यापकांनी केले, पण बाकावर शेजारी कोणी बसू दिले नाही, तर त्या स्वागताला अर्थ काय? १९१७ चे ते अकरा दिवस आम्हाला हेच विचारतात.

वरच्यांशी वागताना

हाताखालच्या माणसांशी जसे संबंध, तसेच वरच्यांशीही असतात. महाराजांच्या वर इंग्रज सरकार होते. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांच्यासमोर महाराज एकदाच लवले आणि पाठ वळवून परतले. ठरलेल्या रीतीप्रमाणे पाठ न दाखवता मागे जायचे होते. एवढ्यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी गहजब केला. महाराजांना खुलाशाचे व दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. ते मुद्दाम होते की अनवधानाने, यावर अजूनही वाद होतात.

आम्हाला त्यातून एवढेच दिसते, की स्वाभिमान सांभाळून वरच्यांशी काम करणे ही तारेवरची कसरत आहे. महाराजांनी पत्र लिहिले, पण त्यामुळे शाळा बंद केल्या नाहीत, ग्रंथालयांचा पैसा तोडला नाही, की देशभक्तांना दारे लावली नाहीत. मान थोडी झुकली तरी काम झुकू दिले नाही.

घर आणि अखेर

महाराजांच्या घरातले सुख मात्र अपुरे राहिले. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर आलेल्या देवासच्या गजराबाई ऊर्फ दुसऱ्या चिमणाबाई राणीसाहेबांनी त्यांना आयुष्यभर साथ दिली. त्यांनी पडदा सोडला, स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. पण थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये गेले. तीन तरुण मुलांचे मृत्यू ज्याने पाहिले, त्याने तरीही रोजची टपाल वाचायची, हुकूम द्यायचे आणि परक्यांच्या मुलांना शिकायला पाठवायचे, हे सोपे नव्हते.

१९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवायला बसलेल्या मुलाचा केवढा हा प्रवास! ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि १९४९ मध्ये महाराजांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात उभे राहिले. तुमच्यापैकी अनेकांचे आई-वडील त्याच विद्यापीठात शिकले आणि तुमच्यातलेही काही जण तेथेच जाल.

जाता जाता

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही शाळा सोडून जाल तेव्हा मोठ्या लोकांचे फोन नंबर गोळा करण्याच्या मागे लागू नका. आपले काम चोख करा. ज्यांनी शिकवले त्यांना विसरू नका. आपल्यापेक्षा वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या घरच्या मुलांशी मैत्री करा. बडोद्यात राहून ती संधी तुम्हाला रोज मिळते. कोणाची चूक दिसली तर तोंडावर, पण सौजन्याने सांगा आणि तुमची कोणी दाखवली तर राग मानू नका. दत्तांना बोलावणारा राजा आठवा.

पालकहो, मुलासाठी शब्द टाकायची वेळ आली तर केळुसकर गुरुजींसारखा टाका. आपल्याच मुलासाठी नव्हे, तर शेजारच्या हुशार पण गरीब मुलासाठीही.

आणि विश्वस्त मंडळींनो, नवीन शिक्षक, नवीन शिपाई, नवीन विद्यार्थी आपल्या शाळेच्या फाटकात येतो तेव्हा त्याला उतरवून घ्यायला कोणीतरी गेले पाहिजे. हे काम हुकमावर सोडू नये. आपण सर्वांनी मिळून ते करावे, हीच ११ मार्चच्या निमित्ताने आमची प्रार्थना.

परीक्षेसाठी सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा!